टांग्याचा बिल्ला आणि चौथा खांदा

"पण तुम्ही गुन्हा कबूल का केलात?" मी विचारलं.

"खरं व्हतं म्हून," किसन म्हणाला.

टांगा स्टेशनकडून मस्तगडकडे चालला होता. मागे दोन बायका बाजाराच्या पिशव्या घेऊन बसल्या होत्या. मी पुढे, किसनच्या शेजारी. ऑफिसला मी रोज असाच जायचो. रोज आमचं बोलणं पावसाचं, घोडीचं किंवा रस्त्यातल्या खड्ड्यांचं असायचं. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा माझ्या धंद्यातली गोष्ट काढली.

"कोर्टानं काय विचारलं?"

"म्हन्ले, चौकात टांगा सोडून गेल्ता का? म्हन्लो, गेल्तो, मयतीला खांदा द्यायला गेल्तो. म्हन्ले, गेल्ता ना? म्हन्लो, हौ. शिक्का मारला. दंड भरला, आलो."

"मग आता अडचण काय आहे?"

त्यानं लगाम डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं शर्टाच्या बाहीवरचा पितळी बिल्ला चाचपला. "ह्यो," तो म्हणाला.

सुमन, माझी बायको, मागच्या थंडीत गेली. तेव्हापासून मी बोलतो कमी आणि लिहितो सावकाश. हे प्रकरण लिहून ठेवा असं ती अनेकदा म्हणायची. "खुनाचे खटले सगळेच वकील लिहितात. तुम्ही टांग्याचा लिहा." मी लिहिला नाही. आता लिहितो आहे.

जालना जिल्हा होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. नवी ऑफिसं, नवे साहेब, नवे नियम येत होते. माझी वकिली कोवळी होती. आमच्या घरात मी पहिला वकील. वडील जिनिंगमध्ये हमाली करत, आणि माझ्या काळ्या कोटाकडे ते अजून थोडं लांबूनच बघत.

बिल्ला म्हणजे टांगेवाल्याचं लायसन. त्यावर नंबर असतो. तो दरवर्षी मार्चअखेर नवा करून घ्यायचा. नव्या नियमात एक अट आली होती: वर्षभरात रहदारीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर बिल्ला मिळणार नाही. अट वाईट नव्हती. दारू पिऊन टांगा हाकणाऱ्यांसाठी ती केली होती. पण कारकुनानं विचारलं, "शिक्षा झाली का?" आणि किसन म्हणाला, "झाली." कारकुनानं अर्ज बाजूला ठेवला. किसन खरं बोलण्यानं दोनदा अडकला होता.

तो मूळचा शहागडचा. गोदावरीकाठची वाटणीची जमीन भावांकडे ठेवून तो एका घोडीसह जालन्याला आला होता. घोडीचं नाव चांदी. ती पांढरी कधीच नव्हती, राखाडी होती. घरात बायको, म्हातारी आई आणि तीन पोरी. बिल्ला गेला तर टांगा स्टेशनवर उभा करता येणार नव्हता, आणि स्टेशनवर उभा न राहणारा टांगा म्हणजे चाकांवरचं लाकूड.

मी माझ्या सीनियरकडे गेलो. अंबेकर साहेब निजामाच्या राज्यात उर्दूतून वकिली शिकलेले. हैदराबाद स्टेट जाऊन जमाना झाला होता, पण त्यांच्या तोंडात आरोपी अजून 'मुलजिम' होता.

"अपील करायचंय," मी म्हणालो.

"कशावर?"

"पंचवीस रुपयांच्या दंडावर."

ते पेन्सिलीला टोक करत होते. टोक झालं. मग म्हणाले, "अपील नाही. एवढ्याशा दंडावर कायदा अपील देत नाही. त्यात मुलजिमाचा इकबाल आहे. स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. दार बंद."

"रिव्हिजन?"

"ती खिडकी आहे. शिरून बघ."

वाचकांसाठी दोन्ही शब्द सांगतो. अपील म्हणजे वरच्या कोर्टाला म्हणायचं, सगळं पुन्हा तोलून बघा. रिव्हिजन म्हणजे म्हणायचं, तोलू नका, पण खालच्या कोर्टानं तराजू सरळ धरला होता का, तेवढं बघा. आरोपीनं गुन्हा कबूल केला तर कोर्टानं तो शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहायचा असतो. किसनचे शब्द होते, 'खांदा द्यायला गेल्तो.' कागदावर होतं, 'गुन्हा कबूल.' तसा शिक्काच होता. किरकोळ केसेसच्या दिवशी पन्नास-साठ माणसं रांगेत उभी असतात. कोणी सिग्नल तोडलेला, कोणी बिनदिव्याच्या सायकलवरचा. नाव पुकारतात, माणूस मान हलवतो, शिक्का पडतो, दंड भरून जो तो कामाला जातो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. सगळ्यांनाच घरी जायचं असतं.

"साळवे," अंबेकर साहेब म्हणाले, "जिंकलास तर काय मिळेल, माहीत आहे?"

"शिक्षा रद्द."

"अन् पहिल्यापासून खटला. आज तो कबुलीनं गुन्हेगार आहे. हरलास तर पुराव्यानं होईल. मग खिडकी पण नाही. तुझे गवाह कोण?"

"मयतीतले लोक."

"नावं?"

माझ्याकडे नावं नव्हती.

मी स्टेशनवर टांग्यांच्या अड्ड्याला गेलो. भर दुपार होती. टांगेवाले लिंबाखाली बसले होते. मला बघून एकजण ओरडला, "किसन्या, आज वकील आलाय, उद्या जज बी बसंल तुझ्या टांग्यात!" दुसरा म्हणाला, "बसू दे, शीट फाटकी हाय, कळंल त्याला." किसन उठून माझ्याजवळ आला.

"मयत कोणाची होती?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"कुठून आली?"

"सरकारी दवाखान्याकडून आल्ते. भायरगावचे दिसत व्हते."

"एखाद्याचं नाव तरी विचारलं असेल."

चांदीचं वय विचारायचं सोडून मी तिची कुंडली मागितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. "खांदा देताना नाव ईचारतेत का, वकीलसाहेब?"

"नंतर विचारलं असतं."

"नंतर तर बिलकुल न्हाई. नंतर ईचारलं म्हंजी उपकार सांगितल्यावानी व्हतंय."

खांद्याची रीत जालन्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मयत जाताना दिसली की अनोळखी माणूससुद्धा पुढे होतो, पाच-दहा पावलं खांदा देतो, मागून दुसरा येऊन त्याचा खांदा सोडवतो. पाच-दहा पावलांनी कोणाचा टांगा चोरीला जात नाही. पण त्या दिवशी तिरडीला तीनच माणसं होती, आणि पुढे मडकं धरलेला एक म्हातारा. चौथा कोपरा त्या तिघांनी आळीपाळीनं हातानं उचलून धरला होता. मस्तगडच्या चौकात आल्यावर तिरडी कलली. किसन उतरला आणि चौथ्या कोपऱ्याखाली गेला. मागून त्याला सोडवायला कोणी आलं नाही.

"कुठवर गेलात?"

"नदीवर. मधीच खांदा कसा सोडनार? बाई व्हती. वजन काहीच न्हव्हतं. पर तीन खांद्यांवर तिरडी बसत न्हाई."

परत आला तर चौकात टांगा, टांग्यामागे दोन ट्रक, ट्रकांमागे बाकीचा बाजार, आणि चांदीसमोर वही काढून उभा असलेला ट्रॅफिकचा शिपाई गायके.

मी रिव्हिजन दाखल केली. सेशन जज मोजकं बोलणारे होते.

"वकीलसाहेब, पंचवीस रुपयांसाठी?"

"बिल्ल्यासाठी, सर."

"आरोपी टांगा सोडून गेला होता, हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे. का गेला, हे त्यानं सांगितलं होतं. ते शिक्क्यात मावलं नाही."

सरकारी वकील म्हणाले की इतकी छोटी कामं वर यायला लागली तर कोर्टं कशी चालणार. जज म्हणाले की छोटी कामं खाली नीट झाली तर ती वर येणार नाहीत. मग त्यांनी शिक्षा रद्द केली आणि केस पुन्हा चालवायला खाली पाठवली. मी किसनला जिंकलो म्हणून सांगितलं. त्यानं विचारलं, "मंग बिल्ला?" मी म्हणालो, अजून नाही. तो म्हणाला, "मंग जिंकलो कसं?"

 फेरसुनावणी मार्चच्या आत होती. माझ्याकडे साक्षीदार नव्हता. तीन माणसं, एक म्हातारा, नाव-गाव नाही. मी दवाखान्यात जाऊन आलो. तिथं रोज बाहेरगावची माणसं येत, रोज काही परत जात नसत. एका कंपाउंडरनं मला विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?" मी नाही म्हणालो. "मग कशाला शोधता त्यांना? त्यांचं दुःख त्यांना पुरे आहे." मला ते पटलं. एखाद्या घरातून माणूस गेलेलं, आणि त्या घराला मी समन्स पाठवणार, कोर्टात या आणि सांगा की तुमच्याकडे चौथा माणूस नव्हता. मी तो शोध थांबवला.

संध्याकाळी हे सगळं सुमनला सांगितलं. ती शाळेत शिक्षिका होती. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि हातात लाल पेन. ती ऐकत नसून नुसती तपासते आहे, असं मला वाटलं.

"टांगा कुठून कुठं चालला होता?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मस्तगडहून स्टेशनकडे."

"गाडीच्या वेळेला?"

"हो."

"मग रिकामा होता का?"

मी तिच्या हातातल्या लाल पेनाकडे बघितलं.

"रिकामा होता असं तो म्हणाला?"

"मी विचारलं नाही."

तिनं समोरच्या पेपरवर लाल फुली मारली. ती पोराच्या उत्तरावर होती. पण मला लागली.

दुसऱ्या दिवशी टांग्यात बसल्या बसल्या मी विचारलं. किसननं लगाम सावरला. चांदीला उगाच एकदा 'चल' म्हणाला, ती चालतच होती.

"एक भाडं व्हतं," तो शेवटी म्हणाला.

"टांग्यात? सगळा वेळ?"

"हौ."

"मला का सांगितलं नाही?"

"तुमी मयतीचं ईचारलं. टांग्याचं न्हाई."

"कोण होतं?"

"परतूरचे रतनशेठ. कापसाचे आडत्ये. पर त्यांना मधी घिऊ नका, साहेब. भाड्याला पोलिसाच्या लफड्यात घ्यायचं न्हाई, असं आमच्यात हाय. उद्या टांग्यात कोन बसंल?"

"बिल्ला गेला तर उद्या टांगाच नसेल."

 मस्तगडला मी उतरलो तेव्हा तो म्हणाला, "सोमवारी असतेत ते जालन्यात. नायतर परतूरला दुकानावर." म्हणजे त्यानं परवानगी दिली, पण तोंडानं दिली नाही.

मी सकाळच्या पॅसेंजरनं परतूरला गेलो. कापसाचा हंगाम होता. रतनशेठच्या आडतीत गादीवर, पंख्यावर, देवाच्या फोटोवर, सगळीकडे कापसाचे तंतू होते. शेठ साठीचे, जाड चष्म्याचे. मी टांग्याचं नाव काढताच ते उसळले.

"त्या टांगेवाल्याचे वकील तुम्ही? माझी गाडी चुकली त्याच्यामुळं! इकडं माल उतरून राह्यला होता, अन् मी तिकडं चौकात. पोलिसाला मीच म्हणालो, चलान करा याचं."

"तुम्ही?"

"मंग? त्यानं भाडं परत देऊ केलं, मी घेतलं. हिशोब बराबर. आता माझा काय संबंध?"

मी म्हणालो, संबंध एवढाच की टांग्यात तुम्ही होता. टांगा सोडून दिला होता की नव्हता, हे तुमच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. ते गल्ल्यावरचे तंतू झटकत राहिले. मी उठलो नाही. वकिलीत अंबेकर साहेबांनी मला पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच.

थोड्या वेळानं शेठ म्हणाले, "बाई कोण होती?"

"माहीत नाही."

"तीनच जण होते."

"हो."

"मी बसल्या जागेवरून मोजले." ते चष्मा काढून पुसू लागले. तो स्वच्छच होता. "गुडघ्याचा त्रास आहे मला."

त्यांनी चष्मा परत चढवला.

"मी आलो तर खोटं बोलणार नाही," ते म्हणाले.

"खरंच बोला."

"खरं तुमच्या फायद्याचं असंल असं नाही."

"नसू द्या."

"तारीख सोमवारची घ्या. सोमवारी मी जालन्यात असतो. वेगळा खर्चा नको."

मी हे अंबेकर साहेबांना सांगितलं. विचारलं, काय बोलायचं ते शेठना एकदा समजावू का? ते म्हणाले, "गवाहाला शिकवायचं नसतं. टाइमावर आणायचं असतं."

सोमवारी कोर्टात आधी गायकेची साक्ष झाली. मॅजिस्ट्रेट नवे आले होते. तरुण होते, आणि सगळं स्वतः लिहून घेत होते. गायके पिंजऱ्यात ताठ उभा राहिला. सरकारी वकिलांना त्यानं सांगितलं: टांगा चौकाच्या मधोमध, चालक गैरहजर, रहदारी खोळंबली, घोडी ओढून बाजूला घेण्याचा प्रयत्न केला असता घोडी चावली. शेवटचं वाक्य त्यानं दुखऱ्या आवाजात सांगितलं.

मी उलटतपासाला उठलो.

"तुम्ही तिरडी पाहिली?"

"पाह्यली."

"खांद्याला किती जण होते?"

"तीन."

"तुम्ही काय केलं?"

"टोपी काढली."

"मग?"

"उभा राह्यलो. वळनाआड जाईस्तोवर."

"तोपर्यंत चौकातली रहदारी कोण बघत होतं?"

गायकेनं सरकारी वकिलांकडे पाहिलं. ते फाइल बघत होते. "कोनीच न्हाई," तो म्हणाला.

"गाड्या चालू होत्या?"

"न्हाई. समदे थांबले व्हते. मयत जाताना कोन हाकतंय?"

"मग टांग्याचा अडथळा कोणाला झाला?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "नंतर झाला."

"नंतर म्हणजे कधी?"

"मयत गेल्यावर. मंग समद्यांना जल्दी झाली."

मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मी बसलो. पण केस अजून उभीच होती. टांगा सोडून जाणं हा गुन्हा होता, आणि किसन गेला होता.

मग रतनशेठना पुकारलं. ते धोतर सावरत पिंजऱ्यात गेले. शपथ घेतली. मी विचारलं की त्या दिवशी टांग्यात काय घडलं ते सांगा, आणि मनात म्हटलं, आता जे होईल ते.

"मी मागं बसलो होतो," शेठ म्हणाले. "मयत आली. टांगेवाला उतरला. मला म्हणाला, शेठ, लगाम धरा, आलोच. अन् लगाम माझ्या हातात दिला."

मला हे माहीत नव्हतं. किसनकडे पाहिलं, तो खाली बघत होता. मी याबद्दलही त्याला विचारलं नव्हतं.

"तुम्ही धरला?"

"धरला. पुढं येऊन बसलो अन् धरला."

सरकारी वकील लगेच उठले. "शेठजी, शिपाई गायके आले तेव्हा लगाम तुमच्या हातात होता?"

"नाही."

"म्हणजे टांगा सोडलेलाच होता."

"त्यांना येताना बघितलं अन् मी सोडला. परत मागं जाऊन बसलो."

"का?"

शेठनी रुमालानं मान पुसली. "मस्तगडात माझी देवघेव आहे, साहेब. दोन्ही बाजूचे दुकानदार बघून राह्यले होते. परतूरचा रतनलाल टांगा हाकून राह्यला, म्हणले असते. वर्षभर चिडवलं असतं."

"आणि पोलिसाला तुम्ही सांगितलंत की टांगा बेवारस आहे?"

"हौ. मला राग आला होता. गाडी चुकली होती."

"मग आज हे का सांगता?"

"आज शपथ घातली ना तुम्ही," शेठ म्हणाले. "त्या दिवशी कोणी घातली नव्हती."

सरकारी वकिलांनी एक चांगला प्रश्न विचारला. "टांगा हाकण्याचं लायसन तुमच्याकडे आहे का?"

"नाही."

"म्हणजे आरोपीनं विनापरवाना माणसाच्या हाती टांगा दिला."

हा प्रश्न आधी सुचला असता तर मला रात्रभर झोप लागली नसती, पण तो मला सुचलाच नव्हता. मी उठणार होतो. तेवढ्यात शेठच म्हणाले, "हाकला नाही ना मी. धरला. घोडी पाऊलभर हलली नाही. हलली असती तर माझी गाडी चुकली नसती."

मॅजिस्ट्रेटनी गायकेला पुन्हा बोलावलं. "घोडी खरंच हलत नव्हती?"

"न्हाई साहेब. मालक येईस्तोवर हलली न्हाई. मी म्हन्लं ना, चावली."

"मला नाही चावली," शेठ पिंजऱ्यातूनच म्हणाले. शिरस्तेदारांनी त्यांना गप्प केलं.

किसनचा जबाब झाला. त्याला विचारलं, टांगा का सोडला. तो म्हणाला, "सोडला न्हाई. शेठच्या हातात दिला." मॅजिस्ट्रेटनी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही. तो म्हणाला, "परत आलो तवा शेठ लगाम सोडून मागं बसलेले दिसले. चारचौघांत कसं सांगनार?" रतनशेठ तेव्हा दाराशी उभे होते. त्यांनी चप्पल घालायला जरा जास्त वेळ घेतला.

निकाल त्याच आठवड्यात आला. त्यात होतं की टांगा बेवारस नव्हता. काही काळ लगाम एका इसमाच्या हाती होता. त्या इसमानं तो मध्येच सोडला, त्याचा दोष आरोपीकडे जात नाही. इसमाला टांगा हाकता येत होता की नाही, हा प्रश्न या कोर्टापुढे नाही. आरोपी निर्दोष. भरलेला दंड परत करावा. मयतीबद्दल निकालात एक ओळही नव्हती. अंबेकर साहेबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "बराबर आहे. खांद्यासाठी सुटला असता तर उद्या प्रत्येक चौकात मयत निघाली असती."

मी म्हणालो, "पण सुटला तो लगामामुळे, आणि लगाम मला माहीतच नव्हता."

"म्हणून तर वकिली," ते म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक करू लागले.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात किसननं निकालाची नक्कल नेऊन दाखवली. कारकुनानं ती वाचली, परत दिली आणि विचारलं, "शिक्षा झाली का?" या वेळेस किसन म्हणाला, "न्हाई." नवा बिल्ला जुन्यापेक्षा चकचकीत होता. रतनशेठ त्यानंतरही सोमवारी त्याच्याच टांग्यानं स्टेशनवर जात. अड्ड्यावरचे लोक त्यांना बघून उठून उभे राहत आणि म्हणत, "शेठ, लगाम देऊ का?" शेठना जी चिडवाचिडवी टाळायची होती, ती तशीच झाली, आणि वर्षभरापेक्षा बरीच जास्त चालली.

टांगे पुढे गेलेच. रिक्षा आल्या, अड्डा आकसत गेला, लिंबाखाली रिक्षांची रांग लागली. पण तोवर किसनच्या तिन्ही पोरींची लग्नं टांग्याच्या कमाईवर झाली होती. चांदी म्हातारी होऊन मेली, तेव्हा त्यानं दुसरं जनावर घेतलं नाही. बिल्ला स्वतः जाऊन परत दिला आणि तो शहागडला गेला. तिथं हायवेला, ट्रक थांबतात तिथं, त्याचं चहाचं हॉटेल आहे.

मागच्या थंडीत सुमन गेली तेव्हा आमच्याकडे माणसं कमी नव्हती. नातेवाईक होते, तिच्या शाळेतल्या बाया होत्या, बार असोसिएशनमधले वकील होते. शववाहिका आली होती. स्मशानाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी पुढे जाईना. तिथून खांद्यावर न्यायचं ठरलं. पुढे मी आणि माझा भाऊ. मागे पुतण्या आणि एक मित्र. मित्राला दम्याचा त्रास, ते माझ्या लक्षात नव्हतं. खडीवरून चढताना मागचा एक कोपरा खाली गेला आणि लगेच वर आला. मला मागे वळून बघता येत नव्हतं. खाली ठेवल्यावर पाहिलं. मित्राच्या जागी एक तरुण पोरगा होता. अंगावर कुठल्यातरी कुरिअरचा शर्ट. मी त्याला ओळखत नव्हतो. बुद्धवंदना सुरू झाली तेव्हा तो हात जोडून मागच्या रांगेत उभा होता. संपल्यावर गर्दीत दिसला नाही.

काही दिवसांनी किसन भेटायला आला. एसटीनं आला होता. केस पूर्ण पांढरे.  टांगा रिकामा होता का, हा सुमनचा प्रश्न त्याला माहीत होता, मी तेव्हाच सांगितला होता. "बाईंनी ईचारलं म्हून बिल्ला वाचला," एवढंच तो म्हणाला. मग म्हणाला, "खांद्याला कोन कोन व्हतं?"

मी नावं सांगितली. "आणि एक जण, ओळखीचा नव्हता."

"नाव न्हाई ना ईचारलं?"

"नाही."

"बराबर केलं," किसन म्हणाला.

नाव मी विचारलं नाही, हे खरं आहे. पण परतताना रस्त्याच्या मधोमध त्याची मोटरसायकल उभी होती, किल्ली तशीच, मागे पार्सलांची पेटी, आणि तिच्यामागे दोन ट्रक हॉर्न वाजवत होते. त्याच्यावर चलान झालं तर असावा म्हणून तिचा नंबर मी बघून ठेवला. तेवढ्या दंडावर अपील नसतं. रिव्हिजन असते. त्या पोराला ते माहीत नसणार.

किरकोळ केसेसच्या दिवशी मी कोर्टातली रांग बघून येतो. अजून तो आलेला नाही.